लाव्होच्या ताली



शरद ऋतूत स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा सरोवराच्या काठी, लाव्होच्या डोंगरउतारावर सहलीला येणाऱ्यांची रीघ लागते. द्राक्षांची तोडणी नुकतीच उरकलेली असते. बागांतून चालून आलेले पाहुणे तळघरांत शिरतात. शास्ला जातीच्या द्राक्षांची फिकट वाईन आधी उजेडात धरून पाहतात, तिचा गंध घेतात आणि मगच घोट घेतात. सोबतीला शेजारच्या डोंगराळ मुलखातील ग्रुयेर चीज असते. सुमारे ४०० लिटर दुधापासून त्याची ३५ किलोंची एक चकती होते आणि ती किमान पाच महिने मुरवावी लागते.

या रसास्वादामागे कित्येक पिढ्यांचे कष्ट आहेत. अकराव्या-बाराव्या शतकांपासून ख्रिस्ती मठांच्या आधिपत्याखाली येथे दगडी बांध घालून ताली रचल्या गेल्या. येथील द्राक्षांना तीन सूर्य लाभतात, असे म्हणतात: एक आकाशातला, दुसरा सरोवरातून परावर्तित होणारा, तिसरा तापलेल्या बांधांत साठलेला.

परंतु लगतची शहरे वाढू लागली, तशी घरबांधणीची नजर या जमिनीकडे वळली. तेव्हा १९७७ साली व्हो प्रांताच्या मतदारांनी सार्वमताने लाव्होच्या संरक्षणाचा कौल दिला व २००५ मध्ये तो मोठ्या बहुमताने दृढ केला. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत लाव्होचा समावेश झाला तो २००७ मध्ये.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. जगाची मान्यता मागाहून आली. जमीन राखण्याचा निर्धार तेथील जनतेने आधीच केला होता. बागा टिकल्या, म्हणूनच आज पाहुण्यांचा पेला भरता येतो.