काटा आपल्या हातात हवा

(चाकण परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहीजणी हसल्या. हुंडा, मारहाण, रेशन, कंत्राटी कामगारांचा पगार हे सोडून वजनकाटा हा काय चळवळीचा विषय झाला? पण आपल्या वस्त्यांमधून काय चाललं आहे ते जरा आठवा. सकाळच्या वेळी ‘फुकट वजन-तपासणी’ असते. बाईला एका चकचकीत यंत्रावर उभं करतात. चरबी इतके टक्के, शरीराचं वय पन्नास, असं सांगून तिला घाबरवतात आणि मग पावडरचा डबा पुढे करतात. ज्याच्या हातात काटा त्याच्याच हातात औषध, असा हा धंदा आहे. ‘मापात पाप’ असं आपण किराणा दुकानदाराला म्हणतो. इथे तर मोजण्याची वस्तू आपलं शरीरच आहे.

एरवी आपलं वजन कोण करतं? अंगणवाडीत मुलांचं वजन होतं. बाईचं वजन नेमानं लिहून ठेवलं जातं ते गरोदरपणात, म्हणजे पोटातल्या बाळासाठी. बाळंतपण उरकलं की तिच्या वजनाची चौकशी दवाखाना करत नाही. मग ती शेजारीण करते, सासू करते, नवरा करतो. ‘किती सुटलीस’ किंवा ‘किती वाळलीस’, एवढंच त्यांचं माप. त्यावर बाई काय करते? रात्रीची भाकरी सोडते.

आता आकडे पाहू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी २४ जणींचं वजन उंचीच्या मानानं जास्त निघालं आणि जवळजवळ १९ जणींचं फारच कमी. रक्तक्षय मात्र ५७ जणींना होता. म्हणजे जाड बाईच्या अंगातही रक्त कमी असू शकतं. तिनं जेवण सोडलं तर वजन उतरेलही, पण रक्त आणखी उतरेल. म्हणून वजन कमी करायचं ठरवलंत तर काट्याच्या आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

दुसरी गोष्ट पुण्याचीच आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. उंची आणि वजनाचा मेळ घालणारा बीएमआय दोघांचाही अगदी सारखा होता, २२.३. पण चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास झाला, त्यातही हेच दिसलं. इथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून जास्त कमी. पण बाळ हडकुळं असलं तरी चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. कमी पडला होता तो स्नायू.

यावरून आपण काय घ्यायचं? एकटा काटा पुरेसा नाही. त्याच्या जोडीला शिंप्याची टेप हवी. बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या वर गेला, तर वजन फार नसलं तरी साखर आणि रक्तदाब तपासावा. वजनाचं ठोकळ माप हवं असेल, तर पाच फूट उंचीच्या बाईला साधारण ४३ ते ५३ किलो ही आपल्याकडची ठीक मर्यादा धरतात. वजन जास्त असलेल्या बाईनंही एकदम ५३ वर उडी मारायची नाही. ६५ किलोच्या बाईचे तीन-साडेतीन किलो जरी सावकाश उतरले, तरी तब्येतीला फायदा होतो. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं.

आता काटा कोणता घ्यायचा? माणसाच्या वजनाचे काटे दोन तऱ्हेचे असतात. एक फिरत्या चकतीचा, स्प्रिंगवर चालणारा. त्याला बॅटरी लागत नाही, पण स्प्रिंग सैल पडत जाते आणि अर्धा किलो इकडेतिकडे झालेला त्यात कळत नाही. दुसरा आकडे दाखवणारा. हा घ्यावा. १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा, दीडशे किलोपर्यंत वजन पेलणारा, रुंद पाटाचा, मोठ्या आकड्यांचा. बटणासारखी बॅटरी लागते की कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा साधा पेन्सिल सेल, तेही विचारा. चरबी, पाणी, हाडं असं सारं सांगणाऱ्या काट्याला जास्त पैसे देऊ नका. तो पायातून बारीकसा विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतो आणि अंगातलं पाणी कमीजास्त झालं की त्याचा अंदाज बदलतो. पेसमेकर बसवलेल्या माणसानं तर त्यावर उभंच राहू नये.

दुकानातच तीनदा चढून उतरून पाहा. तिन्ही वेळा आकडा एकच यायला हवा. घरी आल्यावर दहा किलोची पिठाची बंद पिशवी घेऊन उभ्या राहा, मग पिशवीशिवाय. फरक दहा किलोच्या जवळ आला तर काटा भरवशाचा. व्यापाऱ्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. घरातल्या काट्याला ती सक्ती नाही, म्हणून तपासणी आपणच करायची. काटा कडक, सपाट फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. नाव ‘बाथरूम स्केल’ असलं तरी ओल्या मोरीत ठेवू नका, पाय घसरतो.

वजन आठवड्यातून एकदा, झोपून उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी करा. पुस्तकात ‘सकाळी’ असं लिहिलेलं असतं. पण आपल्यातल्या कितीजणी थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी येतात! त्यांची सकाळ म्हणजे दुपारी झोपून उठल्यावरची वेळ. शिफ्ट बदलली की त्या आठवड्याच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. पाळीच्या दिवसांत अंगात पाणी राहतं, खारट खाल्लं तरी राहतं. किलो-दीड किलोचा तो चढउतार चरबीचा नसतो. महिन्याचे चार आकडे एकत्र पाहा.

स्वयंपाकघरातला काटा वेगळा. पाच किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा, वर सपाट पाट असलेला आणि भांड्याचं वजन वजा करणारं बटण असलेला. त्याची परीक्षा सोपी आहे. दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, ७७ ग्रॅमच्या आसपास दिसायला हवीत.

पण या काट्यावर मोजायचं काय? वजन उतरवण्याचे सगळे सल्ले बाईला सांगतात, तुझं ताट मोज. मी म्हणते, आधी घराचा डबा मोजा. चहातली साखर ठेवून पाहा. भरलेले दोन चमचे दहा ग्रॅम धरले, तर सहा कप चहात ६० ग्रॅम साखर होते, म्हणजे २४० कॅलरी. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत २०० च्या आसपास असतात. बाई भाकरी सोडते आणि चहा तसाच राहतो! मिठाचं पाहा. मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे चार मोठ्या माणसांच्या घरात किलोचा पुडा पन्नास दिवस तरी टिकला पाहिजे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात दोन हजार कॅलरीच्या आहाराला दिवसाचं २७ ग्रॅम तेल धरलं आहे. चौघांना महिन्याला ते साडेतीन लिटर होतं. तुमच्या घरी किती लागतं ते डब्याचं वजन करून पाहा. तेल कमी झालं की नवऱ्याचं, मुलांचं, सासऱ्यांचंही भलं होतं. वजनाची शिक्षा एकट्या बाईला का?

आणि जे कमी पडतं तेही याच काट्यावर मोजा. त्याच मार्गदर्शनात दिवसाला माणशी ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सांगितली आहेत. चौघांची ३४० ग्रॅम होतात. आपल्या घरी किती शिजतात? शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या वाटीत त्यातलं किती येतं? आठ दिवस मोजून लिहा. मग घरात बोलायला आपल्या हाताशी आकडा असेल.

एक इशाराही देते. काही न करता वजन उतरायला लागलं तर खूश होऊ नका. टीबी, मधुमेह, थायरॉईड यांची ती खूण असू शकते. दवाखान्यात जा.

शेवटी गटानं करायचं काम. दहाजणींनी वर्गणी काढून दोन्ही काटे आणि एक टेप घ्यावी. स्वयंपाकाचा काटा आठवडाआठवडा घरोघर फिरावा. वजनाचा काटा बैठकीच्या जागी राहील, पण आडोशाला. कोणाचाही आकडा मोठ्यानं वाचायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही, ‘जास्त कोणाचं उतरलं’ अशी स्पर्धा तर मुळीच नाही. प्रत्येकीची वही प्रत्येकीकडे राहील. त्या वहीत वजन, कमरेचा घेर, हिमोग्लोबिन आणि रात्री पोटभर जेवले की नाही, असे चार रकाने आखा. जिला वजन कमी करायचं आहे ती करेल, जिला वाढवायचं आहे ती वाढवेल. ते ठरवणं मात्र तिचं तिच्याकडे राहू द्या.