नेमाचे बळ



नंदनवनातील घराघरांत आज शिकलेली, कमावती तरुण पिढी आहे. वेतन चांगले, पण जेवणाला वेळ नाही आणि झोपेला नेम नाही. अशा यशाचा पाया किती काळ टिकेल?

लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास मागे ठेवून शरीर कमावण्यात घालविले. त्याचे फळ पुढे दिसले. १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्यांचे वय बावन्नाच्या घरात होते आणि मधुमेह जडला होता. तरीही मंडालेच्या तुरुंगात त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ लिहून पूर्ण केले. आहार, विहार, निद्रा आणि कर्म प्रमाणात असावे, हीच गीतेच्या सहाव्या अध्यायाची शिकवण.

येथून जवळच रेशीमबागेत डॉ. हेडगेवारांचे स्मृतिमंदिर आहे. १९२५ साली त्यांनी आरंभिलेल्या कार्याचे मर्मही रोजच्या एका तासात आहे. उत्साह ओसरतो, नेम तारतो.

म्हणून आजपासून दोनच गोष्टी कराव्यात. पहाटे बारा सूर्यनमस्कार आणि रात्री मोबाईल बाजूला ठेवून सर्वांचे एकत्र भोजन. ज्याला घरातील वेळ पाळता येते, त्याच्या शब्दावर कार्यालयातही विश्वास बसतो.