मँगॅनाइट : भेसळ नव्हे, गुणपालट

भेसळ म्हटली कीं गृहिणीच्या कपाळास आठी पडते. अमरावतीच्या बाजारांतील तेल असो वा अकोल्याची तूरडाळ असो, परका पदार्थ मिसळला कीं माल बिघडला, हा घरोघरचा अनुभव. रसायनशास्त्रांत मात्र मोजून केलेली मिसळ पदार्थास नवा स्वभाव देते. याचें उत्तम उदाहरण वऱ्हाडच्या शेजारींच निघणाऱ्या मँगॅनीजचें आहे.

बॅटरीचा जुना सेल फोडला असतां जी काळी पूड निघते, तींत मँगॅनीजचें ऑक्साइड असतें. भंडारा जिल्ह्यांतील डोंगरी बुजुर्गची खाण अशा खनिजासाठीं प्रसिद्ध आहे. शुद्ध केलेलें असें ऑक्साइड लँथॅनम धातूच्या ऑक्साइडाबरोबर खलून हजार अंशांहून अधिक उष्णतेंत भाजलें म्हणजे मँगॅनाइट हा काळा, ठिसूळ पदार्थ तयार होतो. थंड केला असतां तो विजेस वाट देत नाहीं, व लोहचुंबकासारखा वागतहि नाहीं. कारण लगतच्या थरांतील अणुचुंबकांचीं तोंडें परस्परविरुद्ध असतात.

आतां दर दहा लँथॅनम अणूंपैकीं तीन अणूंच्या जागीं स्ट्रॉन्शियम घालावें. लँथॅनम तीन इलेक्ट्रॉन देतो, स्ट्रॉन्शियम दोनच. ती उणीव मँगॅनीजला स्वतःच्या पदरचा इलेक्ट्रॉन देऊन भरावी लागते, व त्याची जागा रिकामी होते. गच्च भरलेल्या पंगतींत कोणास हलतां येत नाहीं. मधलीं कांहीं पानें रिकामीं झालीं कीं सरकतां येतें. तसेच इलेक्ट्रॉन सरकूं लागतात. हॉलंडांतील योंकर व व्हान सांटेन यांनीं अशा मिश्रणांचे गुण १९५० सालीं प्रसिद्ध केले. पुढील वर्षीं झेनर यांनीं त्यांतील मर्म उकललें : शेजारच्या अणुचुंबकाचें तोंड त्याच दिशेस असेल तरच ही उडी सुलभ होते. म्हणून वीजवहन व चुंबकत्व हीं जोडीनेंच येतात.

या स्ट्रॉन्शियम-मिश्रणाचें चुंबकत्व सुमारें ९५ अंशांपर्यंत टिकतें; अकोल्याच्या वैशाखाची त्यास तमा नाहीं. तितकेंच कॅल्शियम घातलें, तर तें गोठणबिंदूच्याहि खालीं गेल्यावरच प्रकट होतें. कॅल्शियम निम्म्यावर नेलें, तर कडक थंडींत इलेक्ट्रॉन पुनः जागच्या जागीं ठाण मांडतात व वीज अडते.

१९९४ सालीं अमेरिकेंत, उणे १९६ अंशांवर, अशाच कॅल्शियमयुक्त पातळ थराजवळ प्रबळ चुंबक आणतांच त्याचा विजेस होणारा विरोध हजार पटींहून अधिक घटला. एवढी थंडी व एवढें चुंबक घरगुती उपकरणास परवडणारें नव्हे. त्यांचीच गरज कमी करणें हा संशोधकांपुढील प्रश्न.

खाणींतून खनिज निघतें तें टनावारी विकलें जातें. त्याचे सुप्त गुण मात्र प्रमाणाच्या ज्ञानानेंच बाहेर येतात.