फिट्सवर शस्त्रक्रिया : विचारायला उशीर नको

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी रेल्वेच्या सिग्नल विभागात अभियंता आहे, डॉक्टर नाही. पुतण्याला फिट्स येतात म्हणून या विषयाची माहिती करून घ्यावी लागली. ती आपल्यापुढे ठेवतो.

फिट्स, फेफरे, मिरगी. नावे अनेक, आजार एकच, अपस्मार. सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात येतात. पण योग्य अशी दोन औषधे पुऱ्या मात्रेत घेऊनही फिट्स थांबत नसतील, तर तिसऱ्या-चौथ्या औषधाने त्या थांबण्याची आशा बरीच कमी होते. अशा वेळी ‘ऑपरेशनचा उपयोग होईल का?’ हे डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

सिग्नल बिघडला की आम्ही सगळी केबल उपटत नाही. आधी दोष नेमका कुठे आहे ते शोधतो. इथेही तसेच. एमआरआय होतो. रुग्णाला दाखल करून व्हिडिओ ईईजी काढतात, म्हणजे फिट आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी टिपतात. स्मरणशक्तीच्या चाचण्या होतात. फिट्स एकाच जागेतून सुरू होत असतील आणि ती जागा काढल्याने बोलणे-चालणे बिघडणार नसेल, तर तेवढा भाग काढतात. कानशिलाजवळच्या भागातून येणाऱ्या फिट्सना याचा चांगला गुण येतो. जागा एक नसेल, तर मानेतल्या नसेला जोडलेले उपकरण छातीच्या त्वचेखाली बसवता येते. त्याने फिट्स कमी होतात, पण पूर्ण थांबणे विरळाच.

दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांचा अभ्यास झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर ऑपरेशन झालेल्या गटातील ७७ टक्के मुले फिट्समुक्त होती. नुसत्या औषधांवरच्या गटात ७ टक्के. मात्र ऑपरेशनच्या गटातील ५७ पैकी १९ मुलांना गंभीर त्रासही झाला. त्यांतील बहुतेकांच्या एका बाजूची शक्ती कमी झाली. निर्णय घेताना दोन्ही आकडे समोर हवेत.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होत आहेत. म्हणजे हे उपचार परदेशातच मिळतात असे नाही.

पुतण्याच्या तपासणीची तारीख आता मिळाली आहे. ऑपरेशन होईल की नाही, हे तपासणीनंतरच ठरेल. तोवर त्याच्या गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असे घरात ठरले आहे. आपल्या घरी, शेजारी असा कोणी रुग्ण असेल, तर आजार लपवू नका. मेंदूविकारतज्ज्ञांना वेळेवर विचारा.

गणपती बाप्पा मोरया!