बिलगावचा उजेड
(भुसावळ येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आपल्या शेजारी दीपनगर आहे. तिथे 500 मेगावॉटचे संच चालतात. मी मात्र 15 किलोवॉटबद्दल बोलणार आहे.

सातपुड्यात धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. 1998पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये. गावाला वीज नव्हती, पण उदई नदीचा धबधबा होता. केरळचे दोन तरुण इंजिनिअर, नर्मदा बचाव आंदोलन आणि गावकरी एकत्र आले. आदिवासींनी श्रमदान केलं. जानेवारी 2003मध्ये पाड्यांवर दिवे लागले. पाणी अडवायचं, पाइपातून खाली सोडायचं, टर्बाइन फिरवायचं. तेच पाणी परत नदीत. त्यासाठी कुणाला घर सोडावं लागलं नाही.

2006च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि प्रकल्प बुडाला. मोठ्या धरणाने छोटी वीज गिळली. तेव्हा ‘विकास कुणाचा?’ हे आपण विचारतोच.

पण छोट्या प्रकल्पालाही बायांनी प्रश्न विचारायला हवेत. पहिला दिवा ओट्यावर की चुलीपाशी? या विजेवर पिठाची गिरणी चालेल का? हंडे वाहणं थांबेल का? की उजेड आला म्हणून बाईचं काम रात्रीपर्यंत लांबेल? आणि हे ठरवणाऱ्या समितीत बाया किती?

श्रमदानाला बाया लागतात, तर निर्णयालाही लागल्या पाहिजेत. विजेची, पाण्याची बैठक असेल तेव्हा दाराशी उभ्या राहू नका. पुढे येऊन बसा आणि बोला.