कापसाच्या तंतूतला सांगाडा

नांदेडकडे कपाशीची वेचणी सुरू झाली, की बोंडातला कापूस आपण सहज चिमटीत धरतो. त्यातला एकेक तंतू म्हणजे एकच पेशी. लांबी अडीच-तीन सेंटिमीटर आणि जाडी जेमतेम मिलिमीटरचा पन्नासावा हिस्सा!

फूल उमलते त्या सुमारास कोवळ्या सरकीवरच्या पेशी सारख्याच दिसतात. त्यांतल्या साधारण एक चतुर्थांश पेशींना फुगवटा येतो आणि त्यांचे तंतू होतात. बाकीच्यांची नुसती साल होते. पेशीच्या आत प्रथिनांचा सांगाडा असतो. त्यात ट्युब्युलिनच्या सूक्ष्म नळ्या असतात आणि ॲक्टिनचे दोरे असतात. तंतू आणि साल अशा दोन्हींच्या पेशींत ही प्रथिने असतातच, पण ती किती, कुठे आणि कोणत्या दिशेने मांडली जातात, त्यावर पेशीचा आकार ठरतो.

वाढत्या तंतूत या नळ्या भिंतीच्या आतल्या अंगाने आडवे वेढे घालून बसतात. सेल्युलोजही त्यांच्याच मार्गाने आडवे रचले जाते. लाकडी पिंपाला लोखंडी पट्ट्या आवळाव्यात तशी ही बांधणी असते. पेशीला रुंद होता येत नाही, म्हणून ती लांबच लांब वाढते. ॲक्टिनचे जुडगे मात्र उभे असतात आणि भिंतीसाठी लागणारा माल त्यांच्यावरून वाहिला जातो. प्रयोगशाळेत कापसाचे एक ॲक्टिन-जनुक दडपले, तेव्हा तंतू आखूडच राहिले.

तीनेक आठवड्यांत मांडणी बदलू लागते. आडव्या नळ्या तिरक्या, मळसूत्री होतात आणि सेल्युलोजचे थर त्याच वळणाने चढतात. बोंड उकलले, की वाळलेली पेशी चपटी होऊन तिला पीळ पडतो. सूत कातताना तंतू एकमेकांना धरून राहतात ते या पिळामुळे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत पेशीचा सांगाडा 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पाठ केला जातो. त्या मुलांना हा पीळ साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जरूर दाखवावा.

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा 'नांदेड-44' हा संकरित वाण मराठवाड्याने वर्षानुवर्षे पेरला. वाण कोणताही असो, धाग्याची लांबी फुलानंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांतच ठरते. तेव्हा पावसाने ओढ दिली, तर पेशीतला पाण्याचा दाब कमी पडतो आणि धागा आखूड राहतो. म्हणून शेतकरी बांधवांनो, विहिरीत थोडेच पाणी असेल, तर ते या दिवसांसाठी राखून ठेवा.