पैनगंगेतले रंगीत गोटे



उन्हाळ्यात पैनगंगेची धार बारीक झाली की आमच्या गटातल्या चार-पाच जणी पोरांना घेऊन सहस्रकुंडाला जातो. अलीकडे आपला उमरखेड तालुका, पलीकडे नांदेड जिल्हा. धबधबा पाहायला लोक पावसाळ्यात येतात. आम्हाला मात्र तेव्हाचा उन्हाळाच आवडतो. काळ्या खडकाच्या खळग्यांत पाणी उरतं, त्यात बारके मासे, खेकडे. पोरं पोटावर पडून पाहत बसतात.

माझी पोरगी ओढणीत गोटे बांधून आणायची. लाल, पांढरे, पट्ट्यापट्ट्यांचे. दोन वर्षं मी ते अंगणात फेकले. मग तिनं विचारलं, "आई, खडक सगळा काळा, मग हे रंगीत कुठून आले?" मला सांगता येईना. शेवटी शाळेतल्या बाईंना विचारलं.

त्या म्हणाल्या, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे तापलेला लाव्हा पसरला. तो थिजताना आतल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली. पुढे त्यांत पाणी झिरपलं, त्यातली गार थरावर थर बसत गेली. तीच गारगोटी, तोच अकीक. लोहामुळे तांबडा रंग येतो. काळा खडक झिजून आपल्या कपाशीची काळी माती झाली. गारगोटी टणक, म्हणून ती उरली आणि नदीत घोळून गुळगुळीत झाली.

घरी ओळखायचं असेल तर फुटक्या बाटलीच्या काचेवर घासून पाहा. गारगोटीनं काचेवर ओरखडा उठतो. वणी-झरीकडच्या चुनखडीनं उठत नाही. तिच्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला तर बुडबुडे येतात.

आता महत्त्वाचं. पुरात गोटे एकाच जागी गरगर फिरून खडकाला रांजणासारखे खड्डे पाडतात. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोजचे रांजणखळगे त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. असा खड्डा वरून उथळ वाटतो, पण कडा गुळगुळीत, हाताला धरायला काही नाही. मागच्या वर्षी आमच्यातला एक पोरगा शेवाळावरून घसरला. त्याच्या काकूनं लुगड्याचा पदर टाकून ओढला, म्हणून वाचला. आता आम्ही दोर नेतो. वर इसापूर धरण आहे, तेव्हा पाणी सोडणार का, हे गावात आधी विचारतो. आणि दहाच्या आत परततो, कारण नंतर खडक तव्यासारखा तापतो.

पोरीचे गोटे आता खिडकीत डब्यात आहेत. सगळ्यात सुंदर गोटा नदीतला नाही. निंदताना आमच्याच वावरात सापडला.